धाकट्याची साक्ष

धाकट्यानं माइक हातात घेतला तेव्हा तिला काळजी होती ती एवढीच, की हा भरभर बोलेल. साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीपुढं आपलं पाप कबूल करायला, उभं राहिलेलं माणूस एक तर अडखळतं, नाही तर सुटतं. मधली चाल फार थोड्यांना जमते. अडखळणाऱ्याच्या बोलण्याच्या खुणा करणं सोपं. सुटलेल्याच्या मागं धावता धावता मात्र खांदे भरून येतात. चर्चच्या व्यासपीठाच्या कोपऱ्यात, फुलांच्या उंच कुंडीशेजारी, तिची जागा वर्षानुवर्षं ठरलेली होती. समोर पहिल्या बाकावर तिची माणसं बसत, ऐकू न येणारी आठ-दहा जणं. सगळी मंडळी त्यांना 'पुढचं बाक' म्हणायची, जणू ती माणसं नसून लाकूडच होतं. हात उठून दिसावेत म्हणून ती रविवारी गडद, बिननक्षीचे कपडे घालायची आणि अंगठी घरी काढून यायची. आज तर तिनं केसही घट्ट बांधले होते. धाकटा तिचा एकुलता एक भाऊ. गेल्या वर्षापासून तो अचानक नियमानं उपासनेला येऊ लागला होता आणि आज पहिल्यांदा साक्ष द्यायला उभा राहत होता. तो काय सांगणार हे तिनं विचारलं नव्हतं. दारू कधीतरी घ्यायचा, त्याबद्दल असेल. नाही तर बायकोवर ओरडायचा, त्याबद्दल.

"मंडळी, आज मी तुमच्यापुढं एक पापी माणूस म्हणून उभा आहे," धाकटा म्हणाला, आणि तिनं आपल्या छातीवर बोट ठेवून पुढच्या बाकाला सांगितलं, की मी एक पापी माणूस आहे. दुभाष्याच्या धंद्याचा हा पहिला नियम. बोलणारा जेव्हा स्वतःबद्दल बोलतो तेव्हा दुभाष्यानं बोट आपल्याकडंच वळवायचं. 'हा असं म्हणतोय' अशी पळवाट ठेवायची नाही. सोमवार ते शनिवार ती याच नियमावर जगत होती. कोर्टात ती चोर झाली होती, नवऱ्यानं टाकलेली बाई झाली होती, आणि दवाखान्यात तर मूळव्याधीनं बेजार झालेला म्हातारासुद्धा झाली होती. त्या वेळी डॉक्टरांना हसू आवरेना, पण हिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. दुसऱ्याचं सगळं अंगावर घ्यायचं आणि संध्याकाळी आंघोळ करून धुऊन टाकायचं. तिला त्याचा अभिमान होता. एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही, असं ती कुणी न विचारताही सांगायची.

"आमच्या आईला ऐकू येत नव्हतं," धाकटा सांगत होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळं त्याच्या आवाजात एक सावकाश, धीर देणारी लय कायमची मुरली होती. भरभर बोलण्याची तिची भीती खोटी ठरली. "तिच्या शेवटच्या आजारपणात तिच्याजवळ मी एकटाच होतो. घरातलं दुसरं माणूस तेव्हा परगावी शिकत होतं." घर, दुसरं, माणूस, लांब: हात आपले चालत गेले. घरात तिघंच होती हे डोक्यात यायला क्षणभर उशीर झाला. "दवाखान्यात आई रोज त्या माणसाला बोलवायची. रोज, मंडळी. खुणा करून करून तिचे हात दमायचे. आणि मी तिला सांगायचो, ती येत नाही म्हणते, तिला वेळ नाही. आणि तिकडं फोनवर सांगायचो, आई बरी आहे, घाई करू नकोस. मी एका मरणाऱ्या बाईला तिच्या लेकीपासून..." इथं त्यानं माइक तोंडापासून दूर केला. आणि इथं तिचे हात थांबले.

आजवर कधी थांबले नव्हते. ते तिच्या छातीसमोर हवेत अर्धवट राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. पुढचं बाक तिच्याकडं बघत होतं. मागच्या ओळीत कुणीतरी नाक ओढलं, पंख्याची कुरकुर ऐकू आली, आणि तिला दिसलं की धाकट्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर शांत होती. शिकाऊ माणसाच्या हातून चढावर गाडी बंद पडली की तो असाच बघत असणार: होतं असं, घाबरू नका, पुन्हा चालू करा. तो थांबला. दुभाष्याला वेळ द्यावा लागतो हे कुणीतरी त्याला शिकवलं असेल, किंवा तिनंच कधी शिकवलं असेल. तिनं श्वास घेतला आणि वाक्य पूर्ण केलं. मी एका मरणाऱ्या बाईला तिच्या लेकीपासून तोडलं. छातीवर बोट ठेवून, स्वच्छ, न चुकता. त्यानं केलं ते केलंच. पण आपण ते वाक्य पूर्ण केलं, या गोष्टीनं पुढं तिला जास्त जाळलं. घरफोड्याला आपणच आतून दिवा धरावा, तसं.

मग टाळ्या झाल्या. आमेन झालं. दोन-तीन बायका उघड रडत होत्या. पाळकसाहेबांनी व्यासपीठावर येऊन धाकट्याला मिठी मारली आणि म्हणाले, "हाच तो पश्चात्ताप, प्रियजनहो! हरवलेलं माणूस घरी येतं ते असं!" तिनं तेही सांगितलं. पुढच्या बाकाची टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून हलवणं. आज फक्त एकाचेच हात वर गेले. तो एका बेकरीत काम करणारा तरणा गडी, दोन आठवड्यांपूर्वीच बाकावर आलेला. बाकीचे हात मांडीवर तसेच राहिले.

वसतिगृहाच्या ऑफिसातला तो फोन तिला आता समोर दिसत होता: काळा, जड, त्याच्या वायरला कुणीतरी गाठी मारून ठेवलेल्या. खुणांच्या भाषेचा रीतसर अभ्यास करायला ती परगावी गेली होती, आणि परीक्षा तोंडावर होती. आईशी फोनवर बोलता येण्याचा प्रश्नच नव्हता. आई तिच्याशी बोलायची ती धाकट्याच्या तोंडानं, आणि ती आईशी बोलायची ती त्याच्या हातांनी. मधे तो एकटा. "बरी आहे गं. किरकोळ ताप आहे. तू परीक्षा दे," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, तिला सांग, मी येते लगेच, फक्त तिनं म्हणायचा अवकाश. "सांगतो की," तो म्हणायचा. मग एक दिवस फोन आला तो गेल्याचाच. ती पोचली तेव्हा आईला पेटीत ठेवलं होतं, हात एकावर एक, आणि तिला पहिल्यांदा कळलं की आईचे हात स्थिर कसे दिसतात हे आपण कधी पाहिलेलंच नाही. कबरस्तानातून परतताना, चिखल चुकवत चालताना, तिनं धाकट्याला विचारलं होतं, शेवटी काही म्हणाली का? त्यानं चपलेचा चिखल एका दगडावर खरवडला. मग म्हणाला, "रागावली होती गं तुझ्यावर. शेवटपर्यंत." त्या एका वाक्यावर तिनं वीस-बावीस वर्षं काढली. आईच्या भाषेवर पोट भरायचं आणि आई आपल्यावर रागावून गेली हे रोज सकाळी हात वर करताना आठवायचं. लग्नाचं जमत आलेलं तिनं मोडलं, त्यालाही हेच कुठंतरी कारण होतं. आपल्या माणसाला एकटं टाकणारी बाई आपण, कुणाच्या घरात कशाला जा. रागाची तिला सवय झाली होती. दुखऱ्या गुडघ्याची होते तशी. पण आता तिला लख्ख दिसत होतं, की साक्षीत त्या रागाबद्दल एक अक्षर नव्हतं. मुलगी बोलावूनही येत नाही असंच जर आईला वाटत होतं, तर ती रागावलीही असेल. रागावणारच. म्हणजे तो राग खरा होता आणि धाकट्यानं तो हातानं पेटवला होता? का तोही त्यानंच रचला? एवढंच तिला हवं होतं. बाकी स्वर्ग-नरक ज्याचं त्यानं बघावं.

उपासना संपल्यावर धाकट्याभोवती गर्दी झाली. पुरुष त्याचा खांदा थोपटत होते, बायका भावजयीला जवळ घेत होत्या. भावजय, धाकट्याची बायको, लाजून हसत होती, नवऱ्याला बढती मिळाल्यासारखी. तिच्या लक्षात आलं, की हिला माहीत होतं. मग पाळकसाहेब तिच्याकडं आले, दोन्ही हात पसरून. "तुम्हाला आधी सांगायचं आम्ही मुद्दामच टाळलं," ते प्रेमानं म्हणाले. "पवित्र आत्म्याला मोकळेपणानं काम करू द्यावं. सगळा प्रार्थना-गट कित्येक आठवडे तुम्हां दोघांसाठी गुडघ्यांवर होता." सगळा प्रार्थना-गट. म्हणजे जिनं परवा तिला सोडायला गाडी थांबवली ती, आणि ज्यांनी मागच्या बुधवारी तिच्याच घरी चहा घेतला ते. चहा पिताना तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला वाटलं होतं, आपली तब्येत उतरलेली दिसत असेल. "मला विचारायचं होतं," ती म्हणाली. "त्याचे शब्द मी करायचे की नाही, एवढं तरी."

"अहो, पण तेच तर किती सुंदर होतं! भावाचं पाप बहिणीच्या हातांनी देवापुढं आलं. मी इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. माणूस वाईट नव्हता. हीच पंचाईत होती. तो वाईट असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. "पुढच्या महिन्यात सगळ्या मंडळ्यांचा मेळावा आहे. तिथंही त्यांनी साक्ष द्यावी असं चाललंय. तुम्ही दोघं मिळूनच उभे राहा. त्यांनी त्यांचं केलं, ताई. आता तुमची पाळी. क्षमा अडवून ठेवू नका."

तिनं तोंड उघडण्याआधीच बेकरीतल्या गड्यानं येऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. खुणांनी बोलणाऱ्याचे हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं, हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं ते लगेच सोडले आणि मोठ्या, भाबड्या खुणा केल्या: तुझी हिंमत मोठी. एवढ्या लोकांत सांगितलंस. आईला फसवलंस, पण कबूल केलंस. देवानं तुला माफ केलं. बिचाऱ्यानं इथं येण्याआधी दुभाषी पाहिलाच नव्हता. त्याच्या गावी असलं काही नसेल. माइकवाल्या माणसाचं ओठ हलवणं त्याला फुलांच्या कुंडीसारखंच शोभेचं वाटलं असणार. त्याच्या लेखी बोलत होती ती हीच. ती त्याच्याकडं बघत राहिली. दुरुस्त करायला हवं होतं. हात उचलायला गेली, आणि उचलवेनात. त्याच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता; आज दिवसभरात तिला मिळालेली ती एकमेव सरळ गोष्ट होती. फक्त चुकीच्या पत्त्यावर आलेली. तिनं मान हलवली. गडी खुशीत निघून गेला.

बाकावर शिवणकामवाली म्हातारी अजून बसून होती. ती आईची मैत्रीण. तरुणपणी दोघी एकाच छापखान्यात कागद दुमडायच्या, कारण यंत्रांच्या गोंगाटात ऐकू येणारी माणसं टिकत नसत. म्हातारीनं तिला जवळ बोलावून विचारलं: आई तुझ्यावर रागावली होती असं मला कुणी सांगितलं होतं? तिनं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. आणि तुला? तिनं मान वळवून गर्दीकडं पाहिलं, जिथं धाकटा कुणाच्यातरी खांद्यावर डोकं ठेवून उभा होता. म्हातारीनं फक्त नाक मुरडलं. मग पदर झटकावा तसे दोन्ही हात झटकले आणि उठली. इतकी वर्षं म्हातारीनंही आपल्या मैत्रिणीला जरा कडक काळजाची मानलं असणार. म्हणजे हे खोटं असेल, तर पुढच्या बाकापर्यंत पोचवलं ते आपणच, चोख, एक शब्द इकडचा तिकडं न होऊ देता.

ती धाकट्याच्या घराकडं चालत निघाली. बसनं गेली असती तर लवकर पोचली असती, पण लवकर पोचून म्हणायचं काय हे ठरलं नव्हतं. दुपारचं ऊन, बंद दुकानं, एका गॅरेजसमोर कुणीतरी टायर धूत होतं. 'पश्चात्ताप' या शब्दाची खूण ठरवताना पुढच्या बाकानं किती घोळ घातला होता, ते तिला उगाच आठवलं. पाळकसाहेबांनी छातीवर मूठ आपटून दाखवली होती. तर म्हातारी म्हणाली, हे तर छातीत जळजळतंय असं दिसतं, याला औषध लागेल, देव कशाला. मग कुणीतरी डोळ्यांतून पाणी काढलं. ते तर कांदा चिरतानाही येतं. शेवटी ठरलं ते असं: दोन बोटं तळहातावरून चालत जातात, थांबतात, वळतात आणि ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येतात. पूर्ण. अर्ध्यात कुणी हात खाली घेतला तर म्हातारी त्याच्या हातावर चापट मारायची. तेव्हा सगळे हसले होते. आज तिला वाटत होतं, धाकटा परत आला खरा. पण देवाच्या घराकडं परत येणारी त्याची वाट तिच्या दारावरून जात होती, आणि हा शहाणा मागच्या गल्लीनं गेला. गल्लीत दिवे होते, टाळ्या होत्या. तिच्या दारात काय होतं? एक बाई, आणि तिचा एक प्रश्न. देवाला सांगायला माणसाला लाज कसली वाटणार, त्याला सगळं आधीच माहीत असतं. लाज वाटायला ज्याला माहीत नाही असं माणूस समोर लागतं. तिला हे पटत होतं आणि त्याच वेळी स्वतःचाच संशयही येत होता. क्षमा करायची नाही म्हणून तर आपण एवढी अक्कल पाजळत नाही ना? लहानपणापासून तिनं ऐकलं होतं, की क्षमा अडवणाऱ्याची स्वतःचीही अडते. भीती वाटली. साधी, लहानपणची भीती. आणि भीतीच्या खालून पुन्हा संताप: केसानं गळा कापायचा त्यानं, आणि नरकाची धास्ती घ्यायची हिनं.

आणि एक गोष्ट नको असताना वर आली. धाकटा शाळेत असताना बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. तक्रार होती, काय ते आता नीट आठवतही नाही, कुणाची तरी वस्तू उचलली होती. बाई बोलल्या आणि तिनं, तेव्हा स्वतः केवढीशी, ते सगळं आईला सांगितलं. जसंच्या तसं. 'तुमचा मुलगा चोरटा निघणार,' हेसुद्धा. आईनं तिथंच त्याच्या मुस्काटात दिली. घरी येताना तो तिच्यापासून लांब, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होता. रात्री एवढंच म्हणाला होता, "थोडं कमी सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?" ती आईची जीभ होती. दुकानात, दवाखान्यात, भाडेकऱ्यांशी भांडताना, सगळीकडं आई तिला पुढं करायची. धाकट्याला कधी नाही. त्याला खुणा तिच्याइतक्याच येत होत्या, पण तो नेहमी मागं उभा, कुणाच्यातरी पिशव्या धरून.

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार भावजयीनं उघडलं आणि "ताई!" म्हणून गळ्यातच पडली. "मी म्हटलंच होतं यांना, ताई येणार. बसा. चहा टाकते."

"चहा नको. तो कुठंय?"

तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, उपासनेचा सदरा बदलून, केस ओले करून. हलका झालेला माणूस कसा दिसतो ते तिनं बघून घेतलं. तो उठला, वाकून तिच्या पायांशी येऊ लागला, तशी ती खुर्ची मधे ओढून बसली.

"ती रागावली होती का?" तिनं विचारलं.

"ताई, आज प्रभूनं माझं ओझं..."

"प्रभूचं नंतर. आई खरंच रागावली होती का माझ्यावर?"

तो खाली बसला. "तुला वाटतं मला हे सोपं गेलं? सगळ्यांपुढं उभं राहणं?"

"अरे, सगळ्यांपुढं उभं राहणंच सोपं. माझ्यापुढं कुठं राहिलास? मला तू तुझ्या शेजारी उभं केलंस. माझ्या तोंडात घातलंस ते."

"पाळकसाहेब म्हणाले..."

"पाळकसाहेब नव्हते दवाखान्यात. तू होतास. आई काय म्हणाली?"

"ते सगळं आता धुतलं गेलंय, ताई," तो हळू म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा ती सावकाश लय आली होती. "देव ज्याची आठवण ठेवत नाही ते आपण का उकरायचं? मी रडलोय त्यासाठी. रात्र रात्र रडलोय."

"तुझं धुतलं गेलं असेल. माझं तसंच आहे." तिचा आवाज चढला, आणि भावजय ओट्याशी जागच्या जागी थांबली. "तुला माफी मिळाली ना? मिळू दे. मी आड येत नाही. पण तू माझ्या आईचं बोलणं खाल्लंस. ते परत दे. मग देवाकडं जा, नाही तर आणखी कुठं जा."

तो टेबलावरचा चहाचा डाग अंगठ्यानं घासत राहिला. "आठवत नाही," तो शेवटी म्हणाला.

"बोलू नकोस. तोंडानं तू खोटंच बोलतोस, आजही बोललास, अर्धं. हातांनी दाखव. ती बोलली तसं."

"मी विसरलोय खुणा. इतकी वर्षं..."

"दाखव."

त्यानं बायकोकडं पाहिलं. भावजय बाहेरच्या खोलीत गेली. मग त्यानं हात टेबलाखालून वर काढले. त्यानं उजवा हात मांडीवर दाबून ठेवला आणि डाव्यानं खूण करायला लागला. चुकतोयस, असं ती सवयीनं म्हणणार होती; धाकटा उजव्या हाताचा होता. पण तोच पुटपुटला, "उजव्या हाताला सलाईन होतं." आणि तिनं ते तसंच घेतलं, कारण हे कुणी रचत नाही.

डाव्या हातानं तो सावकाश, एकेक खूण शोधत गेला. मधे थांबला, एक पुसली, पुन्हा केली. पण चेहरा आपोआप बदलत होता. या भाषेत चेहरा आवरून चालत नाही, त्याशिवाय वाक्य होत नाही. माइकवर तो सुंदर रडला होता. आता रडत नव्हता. आता त्याचं तोंड वाकडं, ओबडधोबड झालं होतं, आणि त्यातून आईच्या भुवया दिसत होत्या.

तू खोटं बोलतोस, आई म्हणत होती. लहानपणापासून मला कळतं. तू तिला बोलावलंच नाहीस.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. म्हणजे आईला ठाऊक होतं. मुलगी येत नाही असं आईला एक क्षणही वाटलं नव्हतं. तरी तिनं आरडाओरडा केला नाही, नर्सचा हात धरून कागद-पेन मागितलं नाही. का? खुणा पुढं चालल्या होत्या. असू दे. आता वेळ नाही. तिला कळलं तर ती तुला कायमचं टाकेल. तुला दुसरं कोण आहे? बस इथं, जवळ बस.

म्हणजे आईनंही. शेवटच्या दिवशी आईनंही त्याचीच बाजू घेतली. आज जितकी माणसं तिच्या पाठीमागं एक झाली होती, त्यांत ही शेवटची येऊन उभी राहिली, आणि तिला वाटलं, उठावं, जावं, हे कशाला मागितलं आपण. पण धाकट्याचा हात अजून हवेत होता. तो तसाच अडकून राहिला होता, आणि धाकटा पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होता, घाबरून, बाईंच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या पोरासारखा. ही ती जागा, जिथून तो पळाला होता. इतकी वर्षं.

"पुढं," ती म्हणाली.

ती आली की तिला सांग, डावा हात म्हणाला. मी वाट पाहत नव्हते. मला झोप लागली होती. असं सांग तिला. वाट पाहिली म्हणालास तर ती रडत बसेल.

हात खाली आला.

"हे सांगायचं होतं मला," धाकटा म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, कुठून तरी खरवडून आला होता. "एवढंच सांगायचं होतं. आणि मी... तेव्हासुद्धा तिला तूच, ताई. जीव जातोय, मी जवळ आहे, आणि तेव्हासुद्धा तू रडशील ही काळजी. मला इतका राग आला. मी म्हटलं, रडू देच हिला. म्हणून म्हणालो, रागावली होती." त्यानं ओठ चावला. "हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. देवालाही नाही. जमलंच नाही."

आईनं एक खोटं तिच्यासाठी ठेवलं होतं, मऊ, घडी घालून, आणि यानं ते बदलून दगड हातात दिला होता. तिनं आयुष्यभर लोकांच्या खुणांचे अर्थ सांगितले. मी वाट पाहत नव्हते, याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. आई वाट पाहत होती. दाराकडं बघत होती. तिच्या छातीतून एक विचित्र, मोठा आवाज निघाला, जसा आईचा निघायचा, स्वतःला ऐकू येत नाही अशा माणसाचा. बाहेरच्या खोलीत भावजय धडपडून उठल्याचं ऐकू आलं.

"ताई," धाकटा म्हणाला, "मला माफ..."

तिनं हात वर करून त्याला थांबवलं. त्याला वाटलं असावं, ती उठून जाणार. त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं त्याच्या मनगटाला धरून त्याचा डावा हात टेबलावर ओढला, आणि त्यानं डोळे उघडेपर्यंत थांबली.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली.

त्यानं दाखवलं. मी वाट पाहत नव्हते. मला झोप लागली होती.

"पुन्हा."